इंजिनघरातली शिकवणी

सरकारचा कागद आला तेव्हा सहकारी तेल गिरणीत गाळायला करडईचा दाणा नव्हता. दुष्काळाचं दुसरं वर्ष. माणसं खडी फोडायला गेलेली, जनावरं छावणीत, आणि सरकार म्हणत होतं, गिरणीत शिकाऊ उमेदवार ठेवा, त्यांना कसब शिकवा, नाहीतर खटला भरू. पोटाला भाकरी नसली तरी चालेल, हाताला कसब पाहिजे. कायदाच तसा होता.

चेअरमन नानासाहेब कागद घेऊन थेट इंजिनघरात, कल्याणप्पा मिस्तरीकडं आले.

"कल्याणप्पा, दोन मानसं शिकवायची तुमी. सा म्हैन्यानं सायेब परीक्षा घ्यायला येनार."

"शिकवतो की."

"येक जरी पास झालं तरी तुमी मोकळे. वय झालं तुमचं, जरा आराम करा."

केवढी ती माया! मोकळे म्हणजे घरी, हे कल्याणप्पाला बरोबर कळलं. दुष्काळ पडल्यापासून गिरणीनं निम्मी माणसं घरी बसवली होती. कल्याणप्पा राहिला तो एकाच कारणानं. उद्या करडई आली, तरी गिरणीचं ते निजामाच्या काळातलं इंजिन त्याच्याशिवाय कुणाला चालू झालं नसतं. तो इंजिनावर उपरणं टाकायचा, डोळे मिटून गुरूनं दिलेला मंत्र म्हणायचा, हँडल मारायचा की इंजिन भकभक करायला लागायचं. विहिरीवरच्या इंजिनांचे मिस्तरी येऊन हँडल मारमारून खांदे धरून परत गेले होते.

खरी गोष्ट एवढीच, की इंजिनाच्या डोक्यावर एक दांडा होता. तो दाबून धरायचा, चाक फिरवायचं आणि चाकानं वेग घेतला की दांडा सोडायचा. तो दांडा कल्याणप्पानंच कधीकाळी कापून टाकला होता. खाली बोटभर खुंट उरला होता, तो उपरण्याखाली अंगठ्यानं दाबायचा. मंत्र लोकांसाठी होता, अंगठा इंजिनासाठी.

शिकाऊ आले. एक बसवराज, संचालक रेवणप्पांचा जावई. लग्न झाल्यापासून सासुरवाडीलाच मुक्काम, त्यामुळं काहीतरी शिकणं भाग होतं. दुसरी गुलाब. खडी फोडणाऱ्या भिमाबाईची लेक, मॅट्रिक झालेली, रोजगार कचेरीची चिठ्ठी घेऊन आलेली. नानासाहेबांनी सरकारी कागद उलटासुलटा करून पाहिला, पण त्यात 'बाई नको' असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"आधी मंत्र पाठ करा," कल्याणप्पानं फर्मावलं.

"आमी बुद्धाची दीक्षा घेतलेली मानसं, मिस्तरी," गुलाब म्हणाली. "मंत्रबिंत्र आमच्यात न्हाय. बिनमंत्राचं शिकवा."

"बिनमंत्राचं इंजिन चालत न्हाय."

"मग तसं सायबाला लिवून द्या. इंजिन कुठल्या धर्माचं हाय ते बी लिवा."

कल्याणप्पाची कानशिलं तापली. "तोंड लई चालतंय तुजं! फडकं घे आन् इंजिन पूस. रोज पुसायचं."

नव्या माणसाला आधी पुसायलाच लावायचं, ही मिस्तरी लोकांची जुनी रीत. पुसून पुसून तो कंटाळतो, पळून जातो आणि कसब जागच्या जागी राहतं.

"आन् म्या?" बसवराजनं विचारलं.

"शिवा शिवा! जावईबापूच्या हाताला काळं लागलं तर रेवणप्पा माजं तोंड काळं करतील. तुमी बाजेवर बसा आन् मंत्र म्हणा."

जावईबापू बाजेवर बसले. मंत्र इतका छान म्हणायला लागले की दुपारी त्यांना त्याच्यावरच झोप लागायची.

गुलाब मात्र पळाली नाही. घरी जाऊन खडीच फोडायची होती, त्यापेक्षा इंजिन पुसणं बरं. एक दिवस पुसता पुसता तिचा हात थांबला.

"मिस्तरी, सगळं इंजिन काळंठिक्कर. ह्यो येकच खुंट चांदीवानी कसा?"

"तू घासला आसशील."

"म्या न्हाय बा. कुनाच्या तरी अंगठ्यानं घासलाय."

कल्याणप्पानं तंबाखूची गोळी गिळलीच. दुसऱ्या दिवशी त्यानं पुसणं बंद करायचा हुकूम काढला. पण आता काय उपयोग?

परीक्षेला साहेब आले. आधी जावईबापूंचा मान. त्यांनी उपरणं टाकलं, उदबत्ती लावली आणि खणखणीत मंत्र म्हटला. साहेबसुद्धा हात जोडून उभे राहिले. मग हँडल मारलं. मारतच राहिले. इंजिन ढिम्म. शेवटी हँडल उलटं फिरलं आणि जावईबापू पेंडीच्या पोत्यावर जाऊन बसले.

"पुढचा," साहेब म्हणाले.

गुलाब पुढं झाली. कल्याणप्पाला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर खुंट दाखवणार आणि माझी चूल विझणार. गुलाबनं पदर ओढला, इंजिनावर वाकली, हँडल फिरवलं. भक... भक... भकभकभक!

"पदराखाली काय केलंस?" साहेबांनी विचारलं.

"पदर सावरला सायेब."

कल्याणप्पा बघतच राहिला. पोरगी नुसतं इंजिन चालवायला शिकली नव्हती, मिस्तरी व्हायला शिकली होती.

"पास!" साहेब म्हणाले.

नानासाहेब खुलले. "कल्याणप्पा, उद्यापास्नं आराम."

"थांबा," साहेब म्हणाले. "हा बसवराज नापास आहे. त्याला पुढच्या परीक्षेपर्यंत मुदत मिळते. शिकाऊ आहे तोवर शिकवणारा ठेवावाच लागेल."

"मग ही गुलाब शिकवील की!"

"शिकवणाऱ्याला अनुभव लागतो. ती आजच शिकली."

"आन् माजं?" गुलाबनं विचारलं.

"तुझं झालं. सर्टिफिकेट घरी येईल. शिकवलं म्हणून नोकरी दिलीच पाहिजे, असं कायद्यात नाही."

नानासाहेबांनी लगेच मान डोलावली. तेवढा एक कायदा त्यांना मनापासून पटला.

"म्हंजे म्या नापास व्हायला पायजे होतं!" गुलाब कडाडली. "जी शिकली ती खडीवर, आन् ज्याला काय बी येईना त्यो सरकारी खर्चानं बाजेवर! लई भारी कायदा हाय सायेब. कुनाच्या जावयानं लिवलाय?"

साहेबांना जीपची घाई झाली. कल्याणप्पानं गुलाबकडं पाहायचं टाळलं. ती फडकं भिरकावून निघून गेली.

इंजिनघरात दोघंच उरले. बसवराज तेच फडकं उचलून, खांदा चोळत जवळ आला.

"मिस्तरी, लई शोभा झाली माजी. आता तरी खरं शिकवा. पुसायला बी बसतो."

कल्याणप्पानं त्याच्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं, बाज झटकली आणि वर स्वतःची घोंगडी अंथरली.

"बसा जावईबापू. घाई कशाची? मुदत दिलीय की सरकारनं."