खरकट्या डब्यातला माहितीपट

शिजलेल्या भाताने कागद चिकटवणं हा सरकारी कायद्यात गुन्हा नसेल, पण विशालाक्षीबाईंच्या कायद्यात होता. आणि त्यांच्या जावयाने, राघोत्तमने, तो नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी केला.

राघोत्तम मद्रासच्या एका सरकारी फिल्म विभागात हंगामी नोकर. निलगिरीवर थंडीत कुडकुडत त्याने तिथल्या तोडा या आदिवासी लोकांवर माहितीपट घेतला होता. त्यांच्या म्हशींच्या कुरणांवर सरकार झाडं लावायला निघालं होतं, म्हणून त्यांच्यातले एक आजोबा गाऱ्हाणं घेऊन मद्रासला आले होते. दिल्लीचे साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र बघून रात्रीच्या गाडीने परतणार होते. चित्र आवडलं तर गाऱ्हाणं त्यांच्या बॅगेत जाणार होतं आणि राघोत्तम नोकरीत कायम होणार होता. नाही आवडलं तर दोघांनीही आपापल्या घरी जायचं.

आता यात एक भानगड होती. उरलेल्या सरकारी फिल्मवर राघोत्तमने, बायकोच्या, म्हणजे कनकाच्या हट्टापायी, वेस्ट मांबलमच्या घरी सासूबाईंची साठीही टिपली होती. दोन्हीचे डबे सारखेच. घरात डिंक नव्हता, म्हणून त्याने भाताची शितं चुरडून डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि डबे ठेवले कुठे, तर सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांना खेटून.

"अय्यो, लोणच्याला खरकटं लावलं की गं तुझ्या नवऱ्याने," विशालाक्षीबाई लेकीला आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. त्यांनी अस्के डबे, एक पण न सोडता, चिंच लावून घासले, वाळवले, शेजारून शुद्ध डिंक मागवला आणि सुटलेल्या चिठ्ठ्या व्यवस्थित परत चिकटवल्या. चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. इंग्रजीशी बाईंचं काही देणंघेणं नव्हतं.

चित्राला अजून आवाज जोडलेला नव्हता, त्यामुळे निवेदन राघोत्तमच वाचणार होता. विभागाच्या छोट्या थिएटरात साहेब, राघोत्तमचे वरिष्ठ रामस्वामी आणि आजोबा बसले, अंधार झाला, यंत्र घरघरलं. हातात बॅटरी, डोळे कागदावर, आणि आवाज असा लावलेला की स्वतःलाच भरून यावं.

"ही माणसं आपल्या मूळ मुलखापासून तुटली," तो इंग्रजीत वाचू लागला, "पण त्यांनी आपली जुनी भाषा जपली. ती शेजाऱ्यांना कळत नाही."

साहेब हुंकार देत होते. राघोत्तमला हुरूप आला. म्हैस हा यांचा प्राण आहे, असं वाचता वाचता त्याने सहज मान वर केली. पडद्यावर म्हैस होतीच. मांबलमच्या त्याच्याच दारात उभी होती, आणि विशालाक्षीबाई गवळ्याच्या बाहीत दुधात मिसळायच्या पाण्याची पिशवी आहे का ते चाचपत होत्या.

डब्यांची अदलाबदल झाल्याचं राघोत्तमला कळलं. थांबावं तर दिवे लागणार आणि सरकारी फिल्मवर सासू घेतल्याचं उघड होणार. तो वाचत राहिला. आश्चर्य म्हणजे सगळं जुळत होतं. लोणी काढण्याचे नियम कडक, परक्याला आत मज्जाव, हे वाचताना पडद्यावर सासूबाई पोस्टमनला ताकाच्या डेऱ्यापासून हाकलत होत्या. साहेबांनी तर तेवढ्यात टिपण घेतलं.

पुढचं वाक्य नमस्काराचं होतं. धाकट्याने वाकून वडीलधाऱ्याने उचललेलं पाऊल कपाळाला लावायचं, हा तोडांचा रिवाज. पडद्यावर कोणी तरी सासूबाईंच्या पाया पडून उठलं आणि हसलं. त्या वेळी कॅमेरा कनकाच्या हातात होता.

दिवे लागले.

"हे तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं. वरिष्ठ रामस्वामींचा चेहरा लाल झाला. नोकरी गेली ती गेलीच, पण आजोबांची कुरणंही आपण बुडवली, या विचाराने राघोत्तमला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात आजोबा शाल सावरत उठले आणि तमिळमध्ये शांतपणे बोलले. रामस्वामींना ते साहेबांना सांगावं लागलं. "मीच अट घातली होती. हा आमच्या घरात यंत्र घेऊन शिरला. मी म्हटलं, आधी तुझं घर दाखव, मग माझं."

अशी अट कोणी कधी घातली नव्हती. पण साहेब खूश झाले, असा विचार दिल्लीत कोणाला सुचला नव्हता म्हणाले. मग खरं चित्र घरी असणार, हे ओघानेच आलं. सगळी वरात यंत्रासकट जीपमधून मांबलमला गेली. विशालाक्षीबाईंनी काठीने उंच दांडीवरची धुतलेली चादर काढून दिली, कोणी हात लावायचा नाही या अटीवर. चादरीवर आजोबा आपलं कुरण दाखवू लागले तेव्हा साहेबांच्या हातातला पंखा हलायचा थांबला. जाताना गाऱ्हाण्याचा कागद त्यांनी स्वतः मागून घेतला, आणि या माणसाला सोडू नका, असं रामस्वामींना बजावलं.

ओसरीवर आजोबा कॉफी पीत बसले. राघोत्तमला त्यांचे आभार कसे मानावेत कळेना. तो चाचरत म्हणाला, तुमच्यासाठी काय करू ते सांगा.

आजोबांनी आपली पोटरी चोळली. डोंगरावर राघोत्तमने नमस्काराचं तेच दृश्य त्यांच्याकडून इतक्यांदा करून घेतलं होतं, की पाऊल उचलून उचलून तिला गोळे आले होते.

"तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तसं ते तमिळमध्ये म्हणाले, "मघाशी तुझा नमस्कार नीट दिसला नाही. पुन्हा कर बघू."

त्यांची तमिळ विशालाक्षीबाईंना पक्की कळत होती. त्यांनी पदर सारखा केला आणि पाऊल पुढे काढलं.

राघोत्तम वाकला, उठला. आजोबांनी मान हलवली.

"उजेड कमी पडला. आणखी एकदा."