कावूनकाका

कोणाचं मूल हुशार निघालं की लोक पेढे वाटतात. आमच्या ब्लॉकमधले ठवकरकाका अशा घरी आजाऱ्याला भेटायला जावं तसे जातात. चपला बाहेर काढतात, आवाज खाली आणतात, मुलाच्या आईला बाजूला घेतात आणि विचारतात, "कधीपासून आहे असं?"

वरच्या मजल्यावर साहूंचं बाळ आहे. ते पाळण्यात पडल्या पडल्या पंख्याकडे टक लावून बघायचं. काकांनी बराच वेळ बाळाकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग परत बाळाकडे. म्हणाले, "बेटा, ये पंखा देख नहीं रहा है, समझ रहा है." साहूभाभी हरखून चहा ठेवायला निघाल्या, तर काकांनी हात वर केला. "खुश मत हो. पहले घर का वायरिंग देखो."

काकांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. त्यामुळे मुलांबद्दल ते जे काही बोलतात ते लोड, व्होल्टेज आणि फ्यूज यांतच. "पोरगं हाय व्होल्टेज अन् घरची वायरिंग जुनी, मग काय होते मनीषा? पोराले काही नाही होत. घर जळते." हे ते मला जिन्यात थांबवून सांगतात. माझ्या हातात भाजीच्या पिशव्या असतात आणि माझी मुलगी सई मागून मला ढकलत असते.

सईच्या पिढीनं त्यांचं नाव 'कावूनकाका' ठेवलंय. संध्याकाळी खालच्या बाकावर काका बसले की पोरं जमतात आणि मग काकांच्या वऱ्हाडी बोलीतलं 'कावून', म्हणजे 'का', सुरू होतं. दूध उतू जाते, पाणी कावून नाही जात? कुत्रा बसायच्या आधी गोल कावून फिरते? पापड भाजला की वाकडाच कावून होते? आमची पोरं एरवी हिंदीशिवाय तोंड उघडत नाहीत, पण 'कावून' हा शब्द साहूंच्या मोठ्या मुलीपासून समोरच्या मल्याळी जोसेफपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. गंमत म्हणजे काका उत्तर देत नाहीत. "मले काय माहीत? पाह्य ना जाऊन." एकदा हे ऐकून सई घरी आली आणि दूध कसं उतू जातं ते बघत उभी राहिली. नुसती बघत. मी गॅलरीतून आत आले तेव्हा गॅस विझलेला, ओटा पांढरा आणि मुलगी आनंदात. "मम्मी, ऊपर मलाई का ढक्कन बनता है!" मी तणतणत खाली गेले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दूध गेलं. पण तिनं कोणाले विचारलं नाही, हे चांगलं झालं."

पालकांनी सल्ला मागितला की मात्र त्यांचा चेहरा उतरतो. पोराला कुठल्या कोचिंगला घालू, कुठली ऑलिम्पियाड देऊ, असं विचारणाऱ्यांची भिलाईत कमतरता नाही. इथे मूल चालायला लागलं की लोक त्याला इंजिनियरिंगच्या रस्त्यावरच चालवायला लागतात. काकांचं औषध एकच. "रिकामं ठेवा. पाहुण्यांसमोर उभं नका करू. हुशार आहे हे त्याले सांगू नका. जमलं तर तुम्ही पण विसरून जा." हे ऐकून ब्लॉकमधल्याच वर्मासाहेबांनी एकदा सरळ विचारलं, "आपके कितने बच्चे हैं?" काका बाकावरून उठले आणि घरी गेले. आम्ही या ब्लॉकमध्ये राहायला आलो तेव्हाच काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दुसरं कोणी दिसत नसे. आम्ही समजलो, मूलबाळ नसावं. ज्याला मूल नाही तोच मुलांबद्दल इतकं बोलू शकतो, असंही आमच्यात कोणीतरी म्हणालं.

मागच्या वर्षी सिविक सेंटरजवळच्या एका हॉलमध्ये 'आपका बच्चा जीनियस है?' असं व्याख्यान होतं. मी सईसाठी निघाले होते. काका म्हणाले, "मले पण ने." माझ्या स्कूटीवर मागे, हेल्मेट घालून, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून ते आले. हॉल गच्च भरला होता. वक्ता तरुण, टाय लावलेला, फार गोड बोलणारा. शेवटी त्यानं विचारलं, "कोई सवाल?" काका उभे राहिले.

"फेल हुआ, तो घर कैसे लाना है? वो बताइए."

वक्ता हसला. "अंकल, हम फेल की बात ही नहीं करते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपेपर्यंत काका उभेच होते. मग म्हणाले, "बच्चा तो करेगा ना बात. किससे करेगा?" कोणीतरी मागून "बैठ जाओ दादाजी" म्हणालं, पुन्हा हशा झाला. काका बसले नाहीत. माझ्याकडे न बघता बाहेर गेले आणि मी येईपर्यंत स्कूटीजवळ हेल्मेट घालून उभे राहिले. परतताना चौकात सिग्नलला मी म्हटलं, "काका, कशाला मनावर घेता?" आरशात पाहिलं, तर हेल्मेटची काच खाली होती.

पावसाळ्यानंतर ते जिन्यात पडले. पाय मोडला. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "घर का कोई?" मी 'कोणी नाही' म्हणणार, तेवढ्यात स्ट्रेचरवरून काकांनी एक फोन नंबर सांगितला. न अडखळता, पाढा म्हणावा तसा. मग डोळे मिटून म्हणाले, "उचलणार नाही ती. पण लाव."

तिनं उचलला. आधी हिंदीत "कौन?" विचारलं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "येऊन राहिली." ऑटोनं अर्ध्या तासात आली. तिचं नाव ज्योत्स्ना. केस पिकायला लागलेले, खांद्याला ऑफिसची बॅग. इथून जवळच, रसमड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते आणि भिलाईतल्याच कुरुदला राहते. म्हणजे आम्ही ज्यांना निपुत्रिक समजत होतो, त्यांची मुलगी इतकी वर्षं याच गावात होती. ती काकांच्या पायाशी उभी राहिली, डॉक्टरांशी बोलली, औषधं आणली. वडिलांशी बोलली ते एवढंच : "दुखते का?" काका म्हणाले, "नाही." पाय मोडलेला माणूस.

त्यांना घरी आणून झोपवल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात चहा प्यायला बसली. मी विचारलं नव्हतं, तीच बोलली.

"वहिनी, मी लहानपणी तारखेवरून वार सांगत होती. कोणतीही तारीख. बाबा मले गणपतीच्या स्टेजवर नेत, कॉलनीच्या जेवणात नेत, त्यांच्या शिफ्टवाल्यांसमोर टेबलावर उभं करत. लोक टाळ्या वाजवत. मले वाटे, हेच माझं काम आहे." ती कपाकडे बघत होती. "मग इंजिनियरिंगच्या परीक्षेत नापास झाली. दुसऱ्यांदा पण झाली. त्या दिवशी घरीच नाही आली. दुर्ग स्टेशनच्या बाकावर बसून राहिली. बाबांनी शोधून काढलं. मारलं नाही, ओरडले नाही. ऑटोत फक्त एवढं म्हणाले, आता कोणाले काही सांगू नको. घरी आणलं अन् सगळ्यांना सांगितलं, पोरगी बीमार आहे. कोणी आलं की मले आतल्या खोलीत जा म्हणत. आई होती तोवर राहिली. मग लग्न केलं अन् निघाली. बाबा आले नाहीत लग्नाले. मी बोलावलं पण नव्हतं."

कप विसळून ठेवून ती निघाली. दारात म्हणाली, "आता ते पोरांना काय सांगतात, हे ऐकलंय मी. लोक सांगतात. चांगलं सांगतात." मग जिना उतरत म्हणाली, "मले कोणी सांगितलं असतं तर."

प्लास्टर निघाल्यावर काकांनी तिला रविवारी जेवायला बोलावलं. ती हो म्हणाली, ही बातमी त्यांनी अख्ख्या जिन्याला दिली. मलाही जेवायला यायलाच लावलं. "तू ये बाई. आम्ही दोघंच बसलो तर काय बोलायचं?" सकाळपासून त्यांच्या घरातून वांगी भाजल्याचा वास येत होता. लंगडत लंगडत तीनदा माझ्याकडे आले : एकदा कोथिंबिरीला, एकदा हिरव्या मिरचीला आणि एकदा नुसतं सांगायला, की ज्योत्स्नाला भरीत फार आवडतं, तिच्या आईच्या हातचं तर ती ताट चाटून खायची.

ज्योत्स्ना एकटीच आली. आम्ही बसलो. काकांनी इस्त्री केलेला शर्ट घातला होता. बोलणं काही सुचत नव्हतं, म्हणून ते वाढत होते. तिनं भरीत खाल्लं, पाणी प्यायलं, परत खाल्लं. काकांनी दुसऱ्यांदा डाव उचलला तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला.

"बाबा, मले वांगं नाही आवडत."

काका हसले. "कधीपासून?"

"लहानपणापासून."

"तू तर खात होती. किती खात होती."

"तुम्ही सगळ्यांना सांगत होते ना, माझी पोरगी काहीच नाही टाकत ताटात."

डाव काकांच्या हातात तसाच होता. भरिताचा एक गोळा टेबलावर पडला. ते उठले, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. मी उठायला लागले, तर ज्योत्स्नानं मला डोळ्यांनी थांबवलं. आत भांड्यांचा आवाज झाला, मग बंद झाला. थोड्या वेळानं काका दारात आले आणि अनोळखी पाहुण्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अंडं चालते?"

"चालते."

त्यांनी ऑम्लेट केलं. मीठ टाकायला विसरले. तिनं वरून मीठ न मागता खाल्लं आणि ते दाराच्या चौकटीला टेकून, पायावर भार न देता, ती संपवेपर्यंत बघत राहिले. निघताना तिनं वाकून नमस्कार केला नाही. "पाय सांभाळा," म्हणाली. पुन्हा कधी येणार, हे तिनं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

ऑटो वळणावरून दिसेनासा झाला तरी ते गॅलरीतच उभे होते. मी ताटं उचलली, भरिताचं पातेलं झाकून ठेवलं. जायला निघाले तेव्हा त्यांनी मागे न बघता मला हाक मारली.

"मनीषा," ते म्हणाले, "अजून काय काय नसन आवडत तिले?"