बसलिंगअप्पांचं वारं

बसलिंगअप्पांचं कंधारला कूलरचं दुकान आहे, आणि गेल्या मे महिन्यात ते त्याच दुकानात लोकरीची कानटोपी घालून, शटर अर्धं ओढून बसू लागले. गिऱ्हाईक वाकून आत आलं आणि कूलर चालवून दाखवा म्हणालं, की अप्पा म्हणायचे, "न्यायचा तर ने. चालू करून वाऱ्यात उभा राहिलास तर तुझी जिम्मेदारी."

अप्पांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गावानं ठरवून टाकलं. झाला होता, पण तो माझ्यामुळे. म्हणून हे लिहायला बसलो.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला चहा पिताना अप्पांच्या हातून कप पडला. तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं. थोड्या वेळात सगळं पुन्हा जागेवर. मी शेजारचा शहाणा. म्हणालो, "अप्पा, अंगावरून वारं जातं म्हणतात ते हेच. आलं अन् गेलं. दवाखाना कशाला?"

वहिनींनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, माझं ऐकलं नाही. अप्पांना नांदेडला नेलं. एमआरआयमध्ये मेंदूत डावीकडे पांढरा ठिपका निघाला. डॉक्टर म्हणाले, हात सुधारला तरी ठिपका ताजा आहे. पुढचे काही दिवस मोठ्या झटक्याचा धोका जास्त. गोळ्या चुकवू नका.

अप्पांनी ती फिल्म उन्हात धरून गावभर दाखवली. "हे बघ भोक. वारं हितूनच घुसलं." डाव्या कानात कापूस कोंबला. गोळ्यांना मात्र हात लावेनात. "त्या रक्त पातळ करायच्या हायत. मला रक्ताचं काय न्हाई, वाऱ्याचं हाय."

शेवटी वहिनी माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्हीच डोक्यात घातलंय, तुम्हीच काढा."

अप्पा दुकानामागच्या गोदामात सापडले. खिडकी नाही, खोक्यांच्या मधे सतरंजी अंथरलेली. नांदेडहून आल्यापासून ते इथंच झोपत होते.

"घर सोडून इथं?"

"तिला दमा हाय, माधवराव. खिडक्या लावल्या की तिचा जीव कोंडतो. उघड्या ठेवल्या की मला वारं. मग काय करावं?"

मी एका खोक्यावर बसलो. "अप्पा, वारं हा नुसता म्हणायचा शब्द आहे. आत रक्ताची गुठळी अडकते. तुमचा ठिपका म्हणजे भोक नाही. तिथं रक्त पोचलं नाही, त्याचा डाग आहे. मी काही माहीत नसताना बोललो."

अप्पांनी उशाशी पडलेल्या पाकिटातली गोळी काढली, तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली आणि हळूच विचारलं,

"म्हंजे आता मी घरी झोपलो तर चालतंय?"