रिकाम्याचं माप

आमच्या शेजारचे भीमराव मामा भरलेली वस्तू कधी मोजत नाहीत, रिकामी मोजतात. इथल्या गिंडी भागातल्या एका कारखान्यात त्यांचा जन्म नळ्यांची भोकं मोजण्यात गेला, तीच सवय. मी पीठ भरायला डबा घेतला की विचारणार, "अम्मा, आत रिकामं किती आहे?" डब्याला असं कुणी विचारतं का?

मामा तंजावरकडचे. त्यांचं मराठी मला जुनं वाटतं, माझं त्यांना घाईचं. वेस्ट मांबलमच्या या इमारतीत आम्ही दारासमोर दार राहतो.

यंदा त्यांनी मोबाइल मोजायला काढला. कॅनडातली लेक सुधा येणार होती. नातीचे जन्मापासूनचे सगळे फोटो फोनमध्ये भरून देते, जागा ठेवा, असं म्हणाली होती. जागा किती ते फोन दाखवत होताच. पण दुसऱ्यानं सांगितलेलं माप मामा घेत नाहीत. त्यांनी फिरत्या पंख्याचा व्हिडिओ काढायला घेतला, तो फोन पुरे म्हणेपर्यंत. मग पुसून टाकला. तर जागा आधीपेक्षा कमी.

"पंखा गेला, अम्मा," मला जिन्यात गाठून म्हणाले. "त्याची जागा कुठं गेली?"

मी त्यांच्या दारातून आत पाहिलं. पंखा तर फिरत होता.

मोबाइलच्या दुकानदारानं सांगितलं, पुसलेलं लगेच जात नाही, आतली झाडलोट फोन सवडीनं करतो, आकडा म्हणजे अंदाज. मामांना पटलं. "सरी, बरोबर. भाडेकरू गेला, खोली झाडायची राहिली." मला काही कळलं नाही, पण मान हलवली.

रोज सकाळी ते फोनकडे बघत, झाडून झालं का म्हणून. जागा थोडी वाढली, तरी त्यांना पुरेशी वाटेना. मग रामनवमीच्या भजनांची सगळी रेकॉर्डिंग पुसायला बसले. मी भीतभीत म्हटलं, मामा, ती तरी राहू द्या.

"ती मला पाठ आहेत," मामा म्हणाले. "नात पाठ नाही."

सुधा आली ती ऑफिसच्या कामासाठी, एकटीच. शहरातच एग्मोरला हॉटेलात उतरली. एका दुपारी जेवायला आली, अर्धा वेळ फोनवर बोलत होती. मी डबाभर चकल्या तिच्या पिशवीत ओतून दिल्या. गाडी आली तशी घाईनं गेली.

संध्याकाळी मी डबा आणायला गेले. मामा मोबाइल हातात धरून बसले होते. मी विचारलं, मावले का फोटो?

मामांनी डबा आधी आत डोकावून पाहिला, मग माझ्या हातात दिला.

"मावले असते, अम्मा."