गेनबा पोहायला जातात

"खाडा करंल त्यो गेनबा न्हाई," असं मार्गासनीच्या गेनबांनी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं, आणि खरं बोलायचं तर वीस दिवस त्यांनी शब्द पाळलाही.

झालं होतं असं. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी गेनबांची साखर वाढल्याचं सांगितलं आणि त्यांची एकुलती एक लेक प्रांजल पुण्याहून मनगटी घड्याळ घेऊन हजर झाली. साधं घड्याळ नव्हे! पावलं मोजणारं, नाडी मोजणारं आणि वर सगळ्या चहाड्या प्रांजलच्या मोबाईलवर पोचवणारं. तिची अट सरळ होती. रोज चाळीस मिनिटं व्यायाम, तोही घड्याळात नीट नोंदवलेला, सलग एकवीस दिवस. एक दिवस जरी कोरा गेला तरी आबांनी गाव सोडून तिच्याकडे राहायला यायचं, तिच्या डोळ्यांसमोर.

पुण्याचं नावही गेनबांना नको होतं. मागे ते लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तीन दिवस राहिले होते. बोलायला माणूस मिळेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाला "व्हय, कळलं" म्हणायला लागले होते. त्यापेक्षा वेल्ह्याच्या रस्त्यानं रोजचं चालणं परवडलं. घड्याळातली यादी इंग्रजीत होती, पण प्रत्येक व्यायामाशेजारी बारीकसं चित्र होतं. चालणाऱ्या माणसाचं चित्र दाबायचं, चालायचं आणि पुन्हा दाबून थांबवायचं. माणूस इतका काटेकोर, की वाटेत कुणी चहाला बोलावलं तर आधी घड्याळ थांबवणार आणि मगच बशी तोंडाला लावणार.

"आरं, म्हशीच्या गळ्यात बांद की. चरता चरता हुईल तुजा व्यायाम," स्टँडवरचा चहावाला सोनबा म्हणाला. गेनबा त्याच्याशी चार दिवस बोलले नाहीत.

एकविसावा दिवस उजाडला आणि नेमकी त्याच दिवशी गेनबांच्या खाचरात भाताची लावणी आली. तीही इर्जिकीची. आज गावची माणसं आपल्या शेतात राबणार, उद्या आपण त्यांच्या. अशा वेळी मालकच रस्त्यानं हात हलवत चालत सुटला तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. पण लावणी म्हणजे काय व्यायामापेक्षा कमी आहे? फक्त नोंद बरोबर झाली पाहिजे. गेनबा बांधावर बसले आणि चित्रं बघू लागले. पळणारा माणूस, सायकलवाला, दोरीवरून उड्या मारणारा. आणि मग त्यांना हवं ते सापडलं. कमरेत वाकलेला माणूस, एक हात पुढे आणि खाली पाणी.

"रतन, हे बग. लावनी हाय ह्यात," ते बायकोला म्हणाले.

रतनबाईंनी चित्र निरखलं. "रोपं कुटं दिसत न्हाईत."

"एवड्याश्या चित्रात रोपं कशी दिसतील?"

गेनबांनी चित्र दाबलं, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाडाला टांगला आणि ते चिखलात उतरले.

ते चित्र पोहण्याचं होतं.

पुण्यात प्रांजलच्या मोबाईलवर निरोप आला, आबा पोहू लागले आहेत. आबा आणि पोहणं! हा माणूस जन्मात एकदा नदीत पडला होता, तोही म्हशीचं शेपूट धरून बाहेर आला होता. तिनं फोनावर फोन लावले, पण चिखलणीच्या यंत्राच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? आईचा मोबाईल घरी फळीवर. शेवटी तिनं सोनबाला गाठलं.

"सोनबाकाका, आबा अर्धा तास पाण्यात आहेत आणि फोन उचलत नाहीयेत."

सोनबानं पुढचं ऐकलंच नाही. उकळता चहा तसाच टाकून तो बोंबलत सुटला. कुणी कासरा घेतला, कुणी ट्रॅक्टरची ट्यूब, आणि पंधरा-वीस जणांची पलटण गुंजवणी नदीकडे धावली. वाट गेनबांच्याच बांधावरून होती.

"काय झालं रं?" गेनबांनी विचारलं.

"मानूस बुडालाय नदीत," पळता पळता एकानं सांगितलं.

गेनबांनी हातातली रोपं टाकली. गावचा माणूस बुडतोय आणि आपण लावणी करत बसायचं? ते सगळ्यांच्या पुढे पळाले. डोक्यावर पावसासाठी प्लास्टिकची खोळ, तोंडावर बोटभर चिखल, त्यांना ओळखणार कोण? बाकीचेही मागोमाग गेले. रतनबाई मात्र खाचरातच राहिल्या, कारण उपटलेली रोपं कुणासाठी थांबत नाहीत. तिकडे घड्याळानं नाडी दीडशे झाल्याचं कळवलं आणि प्रांजल रडत गाडीत बसली.

नदीवर तासभर शोध चालला. गेनबा गुडघाभर पाण्यात काठीनं तळ चाचपत होते.

"पोरंबाळं असत्याल बिचाऱ्याला," ते म्हणाले.

"एक लेक हाय," सोनबानं डोळे पुसत सांगितलं. "लई हट्टी मानूस, पन कदी खोटं वागला न्हाई. म्याच उगं चेष्टा केली त्याची."

गेनबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "पन हाय कोन त्यो?"

"आपला गेनबा."

"कोनचा गेनबा?"

"आपल्या गावात किती हायेत? रतनबाईचा."

"मंग म्या कोन?"

सोनबानं त्यांची खोळ ओढली, तोंडावरचा चिखल पुसला आणि आधी गच्च मिठी मारली, मग एक शिवी घातली.

प्रांजल पोचली तेव्हा गेनबा बांधावर बसले होते. ती गळ्यात पडून रडली. गेनबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "पोरी, लावनी नोंदली का बग."

"पोहणं म्हणून नोंदलंय, आबा. दोन तास."

"मंग ती नोंद खोटी. पूस."

"राहू दे की. मी धरते ती."

"पूस म्हनतो न्हवं."

तिनं पुसली. एकविसावा दिवस कोरा झाला. गेनबा उठले, लेकीला यादीतलं बरोबर चित्र शोधायला लावलं आणि पुन्हा खाचरात वाकले. कंबर आवाज करत होती, पण चाळीस मिनिटं पुरी झाल्याशिवाय गडी सरळ झाला नाही.

"जिंकलात, आबा," प्रांजल म्हणाली. "राहा गावी."

गेनबांनी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात शेवटचं रोप लावून रतनबाई बांधावर आल्या.

"मंग म्या येते तुज्यासंगं पुन्याला."

"तू कशापाई?" गेनबा चमकले.

"तीस वरसं लावनी करतीया. माज्या हाताला कुनी घड्याळ बांदलं न्हाई. चार दिस कुनीतरी माज्या म्होरं ताट वाढून आनू दे."

"आन माजं जेवान?"

"तुमाला गावातच ऱ्हायचं व्हतं न्हवं?"

प्रांजलनं घरी जाऊन आईची पिशवी भरली.

दिवस मावळता गाडी गेली. नसरापूरच्या आसपास असताना प्रांजलचा मोबाईल वाजला. घड्याळाची नवी चहाडी होती. तिनं घाबरून फोन लावला.

"आबा, नाडी एकशे चाळीस? आता कसला व्यायाम काढलात?"

गेनबांनी फुंकणी खाली ठेवली आणि धुरानं भरलेले डोळे पुसले. खोटं त्यांना बोलता येत नव्हतंच.

"आजून भाकरीला हात बी लावला न्हाई, पोरी. निस्ती चूल पेटवतोय."