विनाछायाचित्र दर्शन

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मावशींनी संकल्प जाहीर केला: थोरला बंगला बघायचा.

घरात कुणी मान वर केली नाही, कारण मावशी तो ऐतिहासिक बंगला महिन्यापूर्वीच बघून आल्या होत्या. तीनशे बारा फोटो काढले होते. निम्म्यांत त्या स्वतः होत्या, उरलेल्या बहुतेकांत त्यांचा अंगठा. आणि घरी आल्यावर भाचीने विचारले, "पडद्यावर पाखरू होतं का गं?" तेव्हा मावशींना काही केल्या आठवेना.

ते पडदे मावशींच्या आईने शिवले होते. बंगल्याच्या मालकीणबाईंनी निळ्या पाखरांची किनार तीनदा उसवायला लावली. चौथ्या खेपेला आईने सगळी पाखरे निमूटपणे सरळ भरली आणि एकच पाखरू उलटे, पाय वर करून भरले. "बघणाऱ्याला दिसेल," ती हसून म्हणायची. मावशींची थोरली बहीण, म्हणजे भाचीची आई, मात्र आजतागायत म्हणत आली, "आईच्या थापा!" साठ वर्षे दोघी यावरून भांडत होत्या. यंदा सोक्षमोक्ष लावायचाच होता. म्हणून फोटो एकही काढायचा नाही, नुसते डोळ्यांनी बघायचे. स्वतःचा आणि भाचीचा फोन घरी ठेवून मावशी तिला घेऊन निघाल्या.

"फोन?" तिकिटाच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारले.

"घरी ठेवलेत."

"मग तुम्ही आलात हे कळणार कसं?"

"अहो, ही काय समोर उभी आहे!"

"मला दिसताय हो. कार्यालयाला कशा दिसणार? बाहेर पडताना एक फोटो दाखवायचा, त्यावर हजेरी लागते." त्याने खणातून एक पिवळा कागद काढला. "विनाछायाचित्र दर्शनाचा अर्ज. सोबत दोन फोटो."

"फोटो न काढण्याच्या अर्जाला फोटो?"

"ते तुम्ही नाही काढायचे," कारकून समजुतीने म्हणाला. "आम्ही काढतो."

"मावशी, हस जरा," भाची सवयीने म्हणाली.

संगीताच्या दालनात जमिनीवर पांढरी पावले रंगवली होती. माणसाने त्यांवर उभे राहायचे, फोटो काढायचा आणि नऊ सेकंदांत पुढे सरकायचे. मावशी पडद्यांकडे तोंड करून पावलांवर उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या. लहानपणी आईचा दोऱ्यांचा डबा घेऊन त्या इथे यायच्या, तेव्हा आत सोडत नसत. आता आत सोडतात, पण थांबू देत नाहीत.

"आजी, काय करताय?" पहारेकऱ्याने विचारले.

"बघतेय."

"ते कळलं. पण करताय काय?"

मागे रांग जिन्यापर्यंत गेली. पहारेकऱ्याने खिशातले यंत्र तोंडाशी धरून हळू आवाजात वर्दी दिली, "साहेब, एक बाई नुसत्याच बघतायत. नाही, शुद्धीवर आहेत."

व्यवस्थापक नियमावली घेऊनच आले. बघण्यास मनाई कुठे सापडली नाही, पण परवानगीही सापडली नाही. तेव्हा मधला मार्ग निघाला: मावशींनी बघावे, आणि बघत असल्याचा पुरावा म्हणून पहारेकऱ्याने त्यांचा फोटो घ्यावा.

"चेहरा येत नाही, साहेब."

"बाई, इकडे वळा."

"मग पडद्याकडे पाठ होईल. पाठ करून पडदा कसा बघू?"

"सगळे तसाच बघतात," व्यवस्थापक म्हणाले. त्यांना खरेच आश्चर्य वाटले होते.

मावशी वळणारच होत्या, तेवढ्यात तिसऱ्या पडद्याच्या तळाशी त्यांची नजर गेली. निळ्या पाखरांची ती शिस्तीची रांग, आणि शेवटून दुसरे... पाय वर! मालकीणबाईंच्या नाकावर टिच्चून साठ वर्षे आकाशाला लाथा मारत होते. मावशी इतक्या मोठ्याने हसल्या की रांगेतल्या चौघांनी त्यांचाच फोटो काढला.

"काही आढळलं का?" व्यवस्थापकांनी तत्परतेने पेन काढले. "चूक, दोष, उसवलेलं? लेखी द्या. आठ दिवसांत सरळ करून घेतो."

मावशींचे हसू जागच्या जागी थांबले. भाचीने पाखरू पाहिले होते आणि ती तोंड उघडणारच होती. मावशींनी तिचा हात करकचून दाबला आणि अर्जावर स्वच्छ अक्षरात लिहिले: "पाहण्यासारखे काहीही आढळले नाही." शेरा योग्य नमुन्यात असल्याने ताबडतोब मंजूर झाला.

"आई मानेल का गं, फोटोशिवाय?" बाहेर आल्यावर भाचीने विचारले.

"मी पाहिलं, तू पाहिलंस. तिनं मानलं नाही तर अजून साठ वर्षं भांडू."

पाखरू अजून तिथेच आहे आणि अगदी सुरक्षित आहे. रोज हजार लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. तुम्हीही जाऊन आला असाल, तर ते तुमच्या फोनमध्ये असेलच. तुमच्या डाव्या कानामागे.