चेहरा दाखवा, नमस्कार पोचवतो

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी बेल वाजवली आणि काही न बोलता तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत उभं राहिलं, तर घाबरायचं नाही. ते तेंडोलकर भाऊजी असतात आणि दुसऱ्या दिवशी ते प्रवासाला निघालेले असतात.

मी दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, मुलाकडे राहायला आले, त्याच आठवड्यात मला हा अनुभव आला. दार उघडलं तर उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. मला वाटलं एसीवाला. म्हटलं, "बेडरूममध्ये गार होत नाहीये हो." तो गप्प. माझं कपाळ बघितलं, नाक बघितलं, हनुवटीवरचा तीळ बघितला. मग म्हणाला, "झालं. उद्या केरळात चाललोय, ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला. तिथे मोठं देऊळ आहे. तुमचा नमस्कार पोचवतो, वहिनी." आणि शेजारची बेल वाजवायला गेला. बेडरूम काही गार झाली नाही.

आता बघा, कुणी देवाला निघालं की आपण सगळेच म्हणतो, माझाही नमस्कार सांगा. जाणारा हो हो म्हणतो आणि देवळात गेल्यावर चपला जागेवर असतील ना, एवढाच विचार करतो. भाऊजींचं तसं नाही. त्यांचा जन्म गेला जेबेल अली बंदरातल्या कार्गो कंपनीत. सोपवलेली वस्तू ज्याची त्याला पोचलीच पाहिजे. "नुसतं नाव सांगून काय उपयोग, वहिनी? प्रकाश नावाची माणसं काय कमी आहेत? डोळे मिटून चेहरा आठवावा लागतो. तरच नमस्कार बरोबर पत्त्यावर जातो." परत आले की पुन्हा बेल. "पोचला. खलास." एवढंच बोलून पुढच्या दाराला.

बरं, ह्यात आपला-परका काही नाही. तिसऱ्या मजल्यावरचा थॉमस चेहरा देतो, रात्रपाळीचा नेपाळी वॉचमन तिलक टोपी काढून देतो. खालच्या सलूनमधली रोझ तर "वेट, वेट, लिपस्टिक" म्हणून आत पळते आणि भाऊजी शांतपणे थांबतात. फक्त ग्रोसरीवाले मोईदीनभाई दरवेळी हात हलवतात. "हमारा मत बोलो, हबीबी. आप घूमके आओ." पण तेवढ्यापुरतं हातातलं काम ठेवून, बघण्याजोगे उभे मात्र राहतात.

भाऊजींनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. मला विचारायची सवय आहे, तरी नाही विचारलं. गेल्या वर्षी कंपनीने त्यांना निरोप दिला. व्हिसा संपत आला. कुडाळला त्यांनी कधीतरी एक फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिथे जायचं ठरलं. गावात ओळखीचं कुणी उरलेलं नव्हतं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाईट वाटत होतं आणि भाऊजी मात्र काहीच झालं नाही अशा थाटात घरातली भांडी वाटत फिरत होते. मला इडलीपात्र मिळालं.

त्यात माझ्या सुनेने, मेघनाने, जपानची टूर काढली. दुबईतली भारतीय मंडळी, शाकाहारी जेवण, सगळं ठरवून दिलेलं. भाऊजींनीही नाव दिलं. म्हणाले, "जाण्याआधी एक लांबचा देव करून येतो." झालं. बिल्डिंगच्या बेला वाजायला लागल्या.

जपानचं बाकी काय सांगू, बस चढलो नि बस उतरलो. पण ते देवस्थान मी विसरायची नाही. क्योटोच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, खूप जुनं. आधी एक भलंमोठं लाकडी तोरण, नुसतं उभं. भिंत नाही, दार नाही. त्यातून आत गेलं की दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेली झाडं, मध्ये पांढऱ्या खडीची वाट. एका झाडाच्या बुंध्याला पेंढ्याचा जाड दोर बांधलेला, आपण वडाला सूत गुंडाळतो तसा. मी लगेच हात जोडले. ओळख पटली की बरं वाटतं.

भाऊजींनी तोरणाशीच बूट काढले. मोजे घालून त्या खडीवरून चालायला लागले, गरम तव्यावरून चालावं तसे. आमची गाईड मिचिको, बाहुलीसारखी नाजूक बाई, मागून धावत आली. "तेंडो-सान, शूज ओके, शूज ओके." भाऊजी म्हणाले, "मॅडम, फॉर यू ओके." बूट हातातच.

पुढे पाण्याचं दगडी कुंड होतं, वर बांबूचे डाव ठेवलेले. मिचिको हात कसे धुवायचे ते शिकवेपर्यंत भाऊजींनी डाव्या तळहातावर पाणी घेतलं आणि चूळ भरून बाजूला टाकलं. मेघनाने कपाळाला हात लावला. मिचिको म्हणाली, "व्हेरी गुड. करेक्ट." त्यानंतर भाऊजी जरा जास्तच ताठ चालायला लागले.

देवळापाशी पोचलो तर आत मूर्ती दिसेना. "देव कुठे आहे?" भाऊजींनी विचारलं. मिचिको म्हणाली, आत आहे, पण कुणीच बघत नाही. भाऊजी खूश. "ऐकलंत ना वहिनी? आपण बघायचं नाही. म्हणजे बघायचं काम तिकडून होतं. म्हणून तर चेहरे नीट पोचवायला हवेत."

तिथली रीत अशी: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. आम्ही सगळ्यांनी केलं. भाऊजींनी मिचिकोला बाजूला घेतलं. "मॅडम, वन पर्सन, टू क्लॅप?"

"येस."

"आय हॅव फुल बिल्डिंग."

मिचिकोला काही कळलं नाही. माझी नात इरा, दुबईत वाढलेली, तिने समजावलं. "ही हॅज टु डू इट फॉर एव्हरीवन. लाइक, एव्हरीवन." मिचिकोने घड्याळ बघितलं, बस बघितली आणि म्हणाली, सगळ्यांचं मिळून एकदा चालेल. भाऊजींचा चेहराच पडला. "सगळ्यांचा माल एका खोक्यात? नो, नो. मॅडम, ब्रेकेज होतं."

शेवटी तिने त्यांना रांगेच्या कडेला, खांबापाशी उभं केलं. आणि भाऊजी सुरू झाले. मोजे घातलेले पाय जुळवलेले, बूट शेजारी. डोळे मिटायचे, चेहरा आठवायचा, पुटपुटायचं, वाकायचं, टाळ्या, वाकायचं. तळमजल्यापासून. तिलक झाला. रोझ झाली, तिच्या वेळी त्यांनी किंचित थांबून घेतलं, लिपस्टिक आठवत असणार. मोईदीनभाईंच्या वेळी टाळ्या नाहीत. नुसतंच हळू आवाजात म्हणाले, "ह्यांनी काही दिलेलं नाही. पण माणूस चांगला आहे, माहीत असू द्या." टूरची मंडळी आधी हसत होती. मग एकेक जण कडेला बसून बघायला लागला. एक जपानी आजोबा तर भाऊजींच्या टाळीला मान डोलवत होते. बसचा ड्रायव्हर येऊन बघून गेला.

शेवटचा मजला संपला. भाऊजींनी घाम पुसला आणि वाकून बूट उचलले.

मी म्हटलं, "अहो, आणि तुमचा?"

"माझा काय?"

"तुमचा नमस्कार. एवढं कुडाळला जाताय, नवीन जागा, एकटे. काही सांगा तरी."

ते बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझा कधी पोचवलाच नाही, वहिनी. डोळे मिटले की सगळे दिसतात. स्वतःचा चेहरा दिसतच नाही. न दिसणारी वस्तू पाठवायची कशी?" आणि नाडी सैल करत, "इथे निदान बेल वाजवली की कुणीतरी चेहरा देतं. तिथे कोण देणार मला? ओळखतंय कोण?"

त्या माणसाला स्वतःबद्दल एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. इतके दिवस इडलीपात्रं वाटत फिरत होता तो.

मी म्हटलं, "भाऊजी, जरा इकडे बघा."

आणि मीही बघितलं. टक लावून. नाकावर चष्म्याचा वण आहे. डावी भुवई वर चढलेली. कानात केस, ते कुणी सांगणारं नाही म्हणून राहिलेले. ते लाजले, पण हलले नाहीत. मी वळले, डोळे मिटले. दोनदा वाकले, माझ्या गुडघ्यांना झेपेल तेवढी. दोन टाळ्या. पुन्हा वाकले.

"पोचला," मी म्हटलं. "खलास."

भाऊजी बूट घालायला खाली बसले, ते बराच वेळ बसले. मिचिकोने ड्रायव्हरला हॉर्न वाजवू दिला नाही.

महिनाअखेरीस ते कुडाळला गेले. पंधरा दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी व्हिडिओ कॉल. मागे रिकामी भिंत. पाणी गोड आहे म्हणाले. देवळात जातो म्हणाले, पण पोचवायला कुणाचा नमस्कार नसतो, हात हलवत जातो नि येतो. मग घसा खाकरला. "वहिनी, संध्याकाळी भाजीला खाली जाता ना? तर बिल्डिंगला माझा नमस्कार सांगाल?"

मी म्हटलं, "सांगते की. पण असा नाही. फोन सरळ धरा. चेहरा दाखवा."

त्यांनी चष्मा काढला, केसांवरून हात फिरवला, आणि स्थिर बसले. कानातले केस कापलेले होते.

संध्याकाळी मी बेला वाजवत निघाले. एकदा डोळे मिटून भाऊजी आठवायचे, मग सांगायचं, असं प्रत्येक दाराशी. थॉमसने हसून हात जोडले. रोझ ह्या वेळी लिपस्टिक आणायला गेली नाही, डोळे पुसायला गेली. रात्री मी भाऊजींना फोन लावला.

"पोचला सगळ्यांना. खलास."

"मोईदीनभाईंना सांगितलात?"

"सांगितला."

"हात हलवला असेल."

"नाही हलवला. काम ठेवून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, हमारा भी सलाम बोल दो. देवाला नाही हो, तुम्हाला."

पलीकडे चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"थांबा वहिनी," भाऊजी म्हणाले. "डोळे मिटतोय."